टिकता वेग आणि स्वाराचे हात : प्रस्तावना

मोटारसायकलीविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते त्यातील बहुतेक जागा दोन प्रश्नांनी अडविलेली असते : गाडी किती जोरात पळते हा एक, आणि लिटरमागे किती किलोमीटर जाते हा दुसरा. पहिला प्रश्न मुलाच्या जिव्हाळ्याचा असतो, दुसरा ती गाडी घेऊन देणाऱ्या बापाच्या. आणि या दोघांच्या जुन्या कज्ज्यात तिसऱ्या एका प्रश्नाची तक्रार कोणी दप्तरी दाखलच करून घेतली नाही. तो प्रश्न असा की, शहरातील रखडता वेग आणि जाहिरातीतील कमाल वेग या दोहोंच्या मध्ये जो एक वेग असतो, ज्या वेगाला मूठ स्थिर धरून माणूस तासन्‌तास महामार्ग कापीत जातो, त्या टिकत्या वेगाला ही गाडी त्याच्या तळहातांशी, तळपायांशी आणि पाठीच्या कण्याशी कशी वागते? प्रस्तुत ग्रंथ या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. आणि एवढासा प्रश्न स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांच्यासाठी ही प्रस्तावना किंचित लांबविण्याची मोकळीक मी घेतली आहे.

पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. ताशी ८० किलोमीटरची चाल राखली तर ते तीन तासांच्या आत कापले जाते, आणि लहानशा एकसिलिंडरी इंजिनाचे त्या चालीला मिनिटाला पाच हजार फेरे होतात असे धरले, तर कोल्हापूर दिसेपर्यंत क्रँकशाफ्टचे साडेआठ लाखांहून अधिक फेरे झालेले असतात. यातील प्रत्येक फेऱ्याचा थोडासा अंश हँडलमधून स्वाराच्या मुठीत उतरतो. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या टपरीवर थांबून हातमोजे काढणाऱ्या स्वाराकडे कधी बारकाईने पाहावे : तो प्रथम बोटे झाडतो, मग तळहातावर तळहात चोळतो, आणि चहाचे पैसे देण्याकरिता खिशात हात घातल्यावर दोन रुपयांचे नाणे कोणते आणि पाचाचे कोणते हे चाचपून न कळल्यामुळे सगळी मोड बाहेर काढून उजेडात पाहतो. हाताला मुंग्या आल्या, असे म्हणून तो विषय संपवितो, आणि त्याच्या बरोबरचे लोकही मान डोलावतात. कारण गाडी म्हटली की ती हादरायचीच, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पडलेली आहे. ती वहिवाट मला मान्य नाही.

या हादऱ्यांचे मूळ कारागिराच्या कसुरीत नसून यंत्राच्या रचनेतच आहे, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट झालेली बरी. सिलिंडरातील दट्ट्या वेगाने खाली येतो, तळाशी क्षणभर थांबतो आणि उलटून वर जातो. वर पोहोचून पुन्हा थांबतो आणि पुन्हा उलटतो. या थांबण्या-उलटण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो, आणि तो प्रथम इंजिनाचे कवच, मग त्याला धरणारी चौकट आणि शेवटी त्या चौकटीवर बसलेला मनुष्य सोसतो. हिशेबासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची जुनी ३५० सीसीची बुलेट घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. दट्ट्या, त्याची पिन आणि कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक मिळून वर-खाली होणारे वस्तुमान हिशेबापुरते अर्धा किलो धरले, तर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वेळी त्याचा झटका सुमारे शंभर किलो वजनाच्या तोडीचा भरतो. फेरे दुप्पट, म्हणजे ४००० केले की झटका मात्र दुप्पट न होता चौपट होतो आणि चारशे किलोंच्या घरात जातो. हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा तो नियम. आणि ताशी साठला सुस्वभावी वाटणारी गाडी ताशी नव्वदला एकाएकी उपद्रवी का होते, याचा निम्मा खुलासा या एका नियमात सामावलेला आहे. उरलेला निम्मा गाडीच्या हँडलात आणि स्वाराच्या कातडीत आहे. त्याकडे यथावकाश येऊ.

क्रँकच्या चाकावर दट्ट्याच्या विरुद्ध बाजूस प्रतिभार बसवून हा झटका जागच्या जागी मिटविता येईल, असे कोणासही प्रथमदर्शनी वाटेल, आणि तसा प्रतिभार प्रत्येक इंजिनात असतोही. परंतु दट्ट्या सरळ रेषेत येतो-जातो आणि प्रतिभार वर्तुळात फिरतो. त्यामुळे उभ्या दिशेचा झटका जितका खोडावा तितकाच नवा झटका आडव्या दिशेने उभा राहतो. एका खात्यातील कर्ज दुसऱ्या खात्यावर चढविल्याने जमाखर्चाचा ताळा जुळला तरी देणे फिटत नाही, तशातलाच हा प्रकार. सबब, एकसिलिंडरी इंजिनाचे कारखानदार पूर्ण भरपाईच्या नादी न लागता अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून काहीशी अधिक भरपाई करतात, आणि आपली चौकट कोणत्या दिशेचा हादरा अधिक निमूटपणे सोसते हे पाहून ते प्रमाण मुक्रर करतात. याशिवाय कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होत असल्यामुळे दट्ट्याची वरच्या अर्ध्या फेऱ्यातील चाल आणि खालच्या अर्ध्या फेऱ्यातील चाल अगदी सारखी राहत नाही, आणि त्या तफावतीतून फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचा एक दुय्यम कंप जन्म घेतो. तो मुख्य कंपाच्या साधारणतः चौथाई असतो. लहान म्हणून वाचकाने त्याच्याकडे काणाडोळा करू नये. पुढे बोटांच्या तक्रारीची चौकशी करताना मुख्य आरोपी म्हणून तोच उभा राहणार आहे.

या मूळ दोषावर इलाज शोधण्याचा इतिहास म्हणजे मोटारसायकलीच्या रचनेचाच इतिहास होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आर ३२ ही गाडी काढली तिच्यात दोन दट्टे समोरासमोर, एकमेकांपासून एकाच वेळी दूर जाणारे आणि एकाच वेळी जवळ येणारे, अशा रीतीने मांडले होते. एकाचा झटका दुसऱ्याने परस्पर खोडावा ही तजवीज इतकी सरळ होती की, दोन सिलिंडर एका रेषेत नसल्यामुळे उरणारी किंचित हिंदकळ सोडली तर त्या इंजिनाविरुद्ध फारसे काही बोलण्यासारखे उरत नाही. इंग्रजांनी मात्र दुसरी वाट धरली. एडवर्ड टर्नर याने १९३७ साली ट्रायम्फची स्पीड ट्विन बाजारात आणली. तिचे दोन दट्टे शेजारी-शेजारी बसवलेले आणि एकाच वेळी वर-खाली होणारे. स्फोट समान अंतराने होत असल्यामुळे तिचा आवाज आणि ओढ मोठी गोड होती. परंतु समतोलाच्या दृष्टीने पाहता दोन दट्टे एकत्र हलणे म्हणजे एकच जड दट्ट्या हलणे होय. ५०० सीसीपर्यंत हे खपून गेले. पुढे अमेरिकेतील गिऱ्हाइकांना अधिक ताकद हवी म्हणून तीच रचना ६५० आणि मग ७५० सीसीपर्यंत ताणण्यात आली, तेव्हा ज्या लांब, सरळ रस्त्यांसाठी ही ताकद वाढविली त्याच रस्त्यांवरील टिकत्या वेगाला ती सोसवेनाशी झाली. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू त्याला दिल्याने त्याची तक्रार वाढते, असे उदाहरण यंत्रशास्त्रात याहून ठसठशीत सापडणे कठीण.

या पेचातून नॉर्टन कंपनीने १९६७ साली जो मार्ग काढला त्याजवर येथे थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण त्यात या संपूर्ण विषयाचे मर्म उघडे पडलेले आहे. डॉ. स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग या तिघांपुढे ७५० सीसीचे जुनेच इंजिन होते. नवे काढण्यास ना पैसा होता ना मुदत. इंजिन हादरणार हे त्यांनी जणू कबूलच करून टाकले, आणि इंजिन, गिअरबॉक्स व मागील चाक धरणारा स्विंग आर्म हे सगळे एक बिऱ्हाड मानून ते रबराच्या बुशांवर चौकटीपासून अलग टांगले. इंजिनाने उभ्या प्रतलात हवे तितके डोलावे, पण बाजूला मात्र हलू नये, अशी त्या बुशांची मांडणी होती. कारण मागचे चाक बाजूला हलू लागले तर वळणावर गाडी स्वाराचा हुकूम मानीत नाही. ही कमांडो नावाची गाडी स्टँडवर उभी करून संथ चालू ठेवली तर पुढचे मडगार्ड लटलट हलताना दिसते, आणि पाहणारा मनुष्य हिला आता पुर्जे सोडून पळ काढायचा आहे की काय असे म्हणतो. परंतु तीच गाडी रस्त्यावर घेऊन फेरे अडीच हजारांच्या वर गेले की हँडलातील कंप पाहता पाहता विरतो. यामागे रबराची जादू नसून गणित आहे. टांगलेल्या वस्तूला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. हादऱ्याची वारंवारता तिच्या सुमारे १.४ पटींच्या पलीकडे गेली की टांगणी तो हादरा अडवू लागते, आणि अलीकडे राहिली तर अडविण्याऐवजी उलट वाढविते. म्हणजे नॉर्टनच्या त्या तिघांनी हादरा नाहीसा केला नाही. त्यांनी तो स्वाराच्या टिकत्या वेगातून उचलून सिग्नलपाशी उभे राहण्याच्या वेळेत नेऊन ठेवला. हादरा किती आहे यापेक्षा तो कोणत्या वेगाला कोणत्या वारंवारतेचा होऊन येतो, हे स्वाराच्या सुखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, आणि या ग्रंथातील बहुतेक विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे. बुश आणि वॉशर यांच्यामधील फट इंचाच्या शंभराव्या भागाइतकी ठेवावी लागे, आणि ती तपासण्याचा कंटाळा केलेल्या गाड्या वळणावर शेपूट हलवीत. पण तेवढा त्रास सोसूनही मोटरसायकल न्यूज या इंग्रजी वृत्तपत्राच्या वाचकांनी १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे वर्षातील सर्वोत्तम गाडीचा मान तिलाच दिला, यावरून हा त्रास त्यांना परवडला होता हे उघड आहे.

जपान्यांनी अर्थातच गणित अधिक काटेकोरपणे मांडले. होंडाने १९६९ साली सीबी ७५० विक्रीस आणली. तिच्या चार दट्ट्यांपैकी दोन वर जाताना दोन खाली येत, त्यामुळे मुख्य कंपाचा निकाल परस्पर लागला. राहिला तो दुय्यम कंप, जो चारही दट्ट्यांचा एकाच दिशेने जमा होतो. यामाहाने १९७२ च्या टीएक्स ७५० मध्ये इंजिनासोबत उलट दिशेने फिरणारे वजनाचे दंड बसवून कंप खोडण्याचा घाट घातला. आज बॅलन्सर शाफ्ट या नावाने ज्याला आपले गॅरेजवाले ओळखतात ते हेच, आणि त्याच्या जोरावरच चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० सारख्या एकसिलिंडरी गाड्या मिनिटाला सात-सात हजार फेऱ्यांवर वापरण्याजोग्या झाल्या आहेत.

आता बुलेटविषयी. तिच्याबद्दल महाराष्ट्रात काही लिहिणे म्हणजे कोणाच्या तरी कुलदैवताविषयी लिहिणे होय, याची जाणीव ठेवूनच लिहितो. इंग्लंडात रेडिच येथे जन्मलेली ही गाडी भारतीय सैन्याच्या पसंतीस उतरली, १९५५ साली मद्रास येथे तिच्या जुळणीचा कारखाना निघाला, आणि मूळ इंग्रजी कंपनी बुडाल्यावरही मद्रासेत तिचे उत्पादन अखंड चालू राहिले. पाटलाच्या वाड्यासमोर उभी असलेली, फौजदारसाहेबांच्या बुडाखालची, दुधाच्या कॅन लटकावून पहाटे तालुक्याला जाणारी ही गाडी अर्धशतकाहून अधिक काळ बॅलन्सरावाचून चालली, आणि तिचा तो धिमा ठोका हाच तिचा रुबाब ठरला. ताशी ५०–५५ ला तो ठोका खरोखरच सुखद असतो. तेव्हा त्याची वारंवारता खालची असते आणि तो मुठीपेक्षा छातीला जाणवतो. परंतु हाच मालक ताशी ९० ने सोलापूरला निघाला की दोन तासांत फूटरेस्टवरचे पाय आपसूक सरकू लागतात, नंबरप्लेटचे नट सुटतात, आणि तरीही उतरल्यावर तो गाडीविरुद्ध एक अक्षर बोलत नाही. रॉयल एनफील्डने २०२० साली मिटिओरमधून ३४९ सीसीचे जे नवे इंजिन आणले त्यात अखेर बॅलन्सर शाफ्ट आला, आणि पुढच्याच वर्षी तेच इंजिन क्लासिकमध्येही बसले. जुन्या भक्तांनी लगेच तक्रार नोंदविली की, गाडी निर्जीव झाली. या तक्रारीकडे मी तुच्छतेने पाहत नाही, कारण कंप हा केवळ उपद्रव नसून यंत्र जिवंत असल्याची खूणही आहे, आणि काही कंप माणसाला हवेच असतात. पण जो कंप हवा आणि जो नको, ते दोन्ही एकाच वारंवारतेचे नसतात, ही साधी गोष्ट त्या वादात दोन्ही पक्ष विसरले असे माझे मत आहे. त्याच कंपनीच्या २०१८ च्या ६५० सीसी गाड्यांत क्रँकचे दोन खिळे २७० अंशांवर ठेवून असमान अंतराच्या स्फोटांची लय राखली आणि बॅलन्सरही दिला, हे या वादाला मिळालेले समंजस उत्तर म्हणावे लागेल.

येथवर इंजिनाचे बयान झाले. आता फिर्यादीचे, म्हणजे मानवी हाताचे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी याच्या नावाने ओळखली जाणारी कांद्याच्या पाकळ्यांसारखी थरावर थर असलेली काही सूक्ष्म संवेदकेंद्रे आपल्या तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीखाली खोलवर असतात. सेकंदाला २०० ते ३०० या वारंवारतेच्या कंपाला ती इतकी संवेदनशील असतात की, एका मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही लहान हालचाल त्यांना कळते. चार सिलिंडरांची गाडी मिनिटाला ६००० फेऱ्यांवर चालली असता तिचा दुय्यम कंप सेकंदाला बरोबर २०० येतो. १५० सीसीची आपली नित्याची एकसिलिंडरी गाडी त्याच फेऱ्यांवर नेली, तर तिचाही मुख्य कंप १०० आणि दुय्यम २००. डोळ्यांनी पाहू जाता येथे काहीच दिसत नाही : पाच मीटर भागिले सेकंदाचा वर्ग इतक्या त्वरणाचा कंप सेकंदाला २५ वेळा होत असेल तर हँडल मिलिमीटरच्या पाचव्या भागाने हलते आणि डोळ्यांना ते धूसर दिसते, तेच त्वरण सेकंदाला २०० वेळा झाले तर हालचाल मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतकीच उरते. डोळा म्हणतो, हँडल स्थिर आहे. बोटे म्हणतात, आम्हांला सुचेनासे झाले आहे. सतत एकाच सुरात हाक मारल्यावर ही केंद्रे काही काळ बधिर होतात, गाडी थांबविल्यावर हळूहळू पूर्ववत होतात, आणि टपरीवर नाणे ओळखू न येण्याचे कारण ते हेच. धिप्पाड, धडधडणारी जुनी गाडी हाताला सुसह्य वाटते आणि मखमलीसारखी गुळगुळीत म्हणून वाखाणलेली नवी गाडी बोटे बधिर करते, हे कोडे ज्यांना पडले असेल त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

बधिरता तात्पुरती असते म्हणून ती हसण्यावारी नेणेही योग्य नव्हे. थंडीत बोटे पांढरीफटक पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रान्समध्ये मॉरिस रेनो याने १८६२ सालीच केले होते; १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी वाऱ्याच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांची तपासणी केली तेव्हा छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटे थंड सकाळी रक्तहीन होत असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले, आणि कंपाचा हा व्याधी वैद्यकाच्या दप्तरी कायमचा रुजू झाला. पुढे जपानात दिवसभर मोटारसायकलीवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांच्या बोटांतही तीच लक्षणे आढळली. आज आपल्या शहरांत दिवसाचे दहा-बारा तास लहान गाडीवर बसून घरोघरी जेवण पोहोचविणारी जी तरुण मुले दिसतात त्यांच्या हातांकडे कोणी वैद्याने नजर टाकलेली बरी.

या व्याधीच्या मोजमापासाठी आयएसओ ५३४९ हे मानक आहे, आणि त्याच्या आधारे युरोपीय संघाने २००२ साली असा निर्बंध घातला की, कामगाराच्या हाताला आठ तासांच्या हिशेबाने सरासरी २.५ एककांहून (एकक म्हणजे मघाचेच त्वरणाचे माप, मीटर भागिले सेकंदाचा वर्ग) अधिक कंप पोहोचत असेल तर मालकाने इलाज सुरू करावा आणि ५ एककांच्या पलीकडे तो जाऊच देऊ नये. हिशेबाची रीत अशी की, ५ एककांचा कंप असलेले हँडल दोन तास धरले तरी पहिली मर्यादा गाठली जाते. मात्र या मानकात खालच्या वारंवारतांना जड आणि वरच्यांना हलके माप लावले आहे. सेकंदाला २०० च्या कंपाला तर मूळ मापाच्या दहाव्या हिश्शाइतकेही वजन मिळत नाही. म्हणजे बोटांना जो कंप सर्वांत अधिक छळतो त्याला मानक सर्वांत कमी दोष देते. बोटांच्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते असे अलीकडच्या अनेक संशोधकांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. इजा मोजण्याच्या मापाने सुख मोजता येत नाही. आणि जेथे या ग्रंथात ‘त्रास’ असे म्हटले आहे तेथे मानकातील आकड्यापेक्षा स्वाराच्या सांगण्याला मी अधिक मान दिला आहे.

इंजिन आणि हात यांच्यामध्ये चौकट असते, आणि तिचे स्वतःचे काही हट्ट असतात. सतारीची मुख्य तार छेडली असता खालच्या तरफांपैकी तीच एक तरफ बोलू लागते जिचा स्वर जुळतो. बाकीच्या मुकाट असतात. गाडीच्या हँडलची नळी, आरशाची दांडी, टाकीचा पत्रा, फूटरेस्टची कांब या प्रत्येकाचा असा एक स्वर असतो. आरशाकडे लक्ष ठेवून गाडीचा वेग हळूहळू वाढवीत गेल्यास हे स्वच्छ दिसते : ताशी ७० ला मागच्या ट्रकच्या कपाळावरची अक्षरे वाचता येतात, ७८ ला त्या ट्रकचे दोन ट्रक होतात, ८५ ला नुसता पिवळा डाग उरतो, आणि ९५ ला अक्षरे पुन्हा जागेवर येतात. आकडे गाडीगणिक बदलतील. क्रम बदलणार नाही. हँडलच्या टोकांना जी लोखंडी वजने असतात ती शोभेकरिता आहेत असा समज करून नवे मालक ती काढून फेकतात, आणि मग महिनाभराने गॅरेजात येऊन विचारतात की, गाडीला अचानक काय झाले. त्या वजनाने हँडलचा स्वर खाली उतरविलेला असतो, जेणेकरून टिकत्या वेगाला तो इंजिनाच्या स्वराशी जुळू नये. वजन काढले की स्वर चढतो आणि नेमका जुळतो. याउलट, अनुभवी मिस्त्री कंपाची तक्रार आली की प्रथम इंजिनाला हातच लावीत नाही : तो इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट आवळून पाहतो, रबरी बुश दाबून पाहतो, चेन किती ढिली आहे ते बोटाने उचलून पाहतो, आणि दहांतील बहुतेक गाड्या तेवढ्यावरच निवळतात. या लोकविद्येला पुढे एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत अधिक आनंद झाला.

रस्त्याविषयी थोडक्यात. बसल्या माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ या वारंवारतेच्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत अधिक डोलते. सिमेंटच्या महामार्गावरील फरशांचे सांधे साधारण साडेचार मीटरांवर असतात; ताशी ९० ने गेल्यास ते सेकंदाला साडेपाच या हिशेबाने चाकाखाली येतात, म्हणजे नेमके त्या पट्ट्यात. ज्या सांध्यांत डांबर फुगून आले आहे अशा रस्त्यावर एरवी निर्दोष गाडीही तासाभरात कंबर का धरायला लावते, हे यावरून ध्यानी येईल. तेथे वेग थोडा वाढविणे किंवा घटविणे हाच सोपा तोडगा. टायरमधील हवा, सीटचा फोम, हेल्मेटवर आदळणारा वारा यांचा परामर्श त्या त्या प्रकरणात घेतला आहे. एवढेच येथे सांगतो की, मुठीची पकड जितकी घट्ट तितका कंप हातात अधिक शिरतो, आणि घाबरलेला किंवा मनगटांवर भार टाकून पुढे वाकून बसलेला स्वार हा स्वतःच्या त्रासात स्वतःच भर घालीत असतो.

हा ग्रंथ गणित जाणणाऱ्यांसाठी आणि न जाणणाऱ्यांसाठी अशा दोघांसाठी लिहिला असून, समीकरणे शेवटच्या प्रकरणात वेगळी काढली आहेत. ती वगळून वाचल्यास काही बिघडणार नाही. वाचकांस मात्र एक विनंती आहे. गाडी घेताना दुकानाभोवती दोन चकरा मारून निर्णय करू नये. शक्य असल्यास कोणाची तरी तीच गाडी मागून घ्यावी, आपल्या नेहमीच्या टिकत्या वेगाला ती सलग तासभर चालवावी, आणि उतरल्यावर हातमोजे काढून खिशातील मोड चाचपून पाहावी. कारखानदारांसही एक अर्ज आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या हाती ग्राइंडरच्या माहितीपुस्तकात त्याचा कंप किती याचा आकडा छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि म्हणून आपल्याकडे येणाऱ्या अनेक ग्राइंडरांच्या पुस्तिकेतही तो सापडतो. मोटारसायकलीच्या माहितीपत्रकात सीसी, ताकद, वजन, टाकीची क्षमता, सीटची उंची असे सगळे असते, आणि ताशी ८० ला हँडलात किती कंप येतो याचा आकडा तेवढा नसतो. हा आकडा मोजण्याची साधने आणि माणसे या देशात, आणि पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआयसारख्या संस्थेतही, उपलब्ध आहेत. तो छापावा.